पाठ हाय, खरं न्हाई

एस.टी. स्टँडवर, बाजारात, कधी दवाखान्याच्या रांगेत माणसं मला अडवतात आणि म्हणतात, "बाई, ओळखलं का? मी एकोणीस." नाव सांगत नाहीत, आकडा सांगतात. शेजारी उभ्या असलेल्याला वाटत असणार, ही बाई तुरुंगात नोकरीला होती की काय. तसं काही नाही. मी तेहतीस वर्षं शिरूर आणि दौंडच्या ख्रिस्ती मुलांना प्रश्नोत्तरी शिकवली. शनिवारी दौंड, रविवारी शिरूर, आणि मे महिन्यात वडगाव रासाईसारख्या गावात, जिथे आमची चार-पाचच घरं, तिथे कोणाच्या तरी ओट्यावर.

प्रश्नोत्तरी म्हणजे निळ्या कव्हरची एक बारीक पुस्तिका. तिच्यात चाळीस प्रश्न आणि त्यांची चाळीस उत्तरं. देव कोण आहे, पाप म्हणजे काय, प्रार्थना कशासाठी, दहा आज्ञा काय सांगतात, असं सगळं. प्रश्न बाईंनी विचारायचा, उत्तर मुलाने द्यायचं, आणि ते पुस्तिकेत आहे तसंच द्यायचं, कानामात्रेचा फरक न करता. मुलं बारा-चौदा वर्षांची झाली की ईस्टरच्या आधी येणाऱ्या झावळ्यांच्या रविवारी, सगळ्या मंडळीसमोर त्यांची परीक्षा होते. मंडळी म्हणजे आमच्या देवळाचे सगळे सभासद. आमच्यातली जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. परीक्षा झाली की दृढीकरण. तान्हेपणी बाप्तिस्म्याच्या वेळी आईबापांनी जे वचन दिलेलं असतं, ते मुलाने स्वतःच्या तोंडाने पक्कं करायचं. त्यानंतरच त्याला प्रभुभोजनाची भाकर मिळते, आणि तो मोठ्यांत मोजला जातो.

चाळीसच्या चाळीस उत्तरं सगळ्यांना पाठ हवीत, पण मंडळीसमोर प्रत्येकाने एकच म्हणायचं. कोणी कोणतं, ते ठरवायला मी बिस्किटांच्या डब्यात चिठ्ठ्या टाकत असे. जो आकडा निघेल तो त्या मुलाचा, जन्मभराचा. आमच्या लोकांत नवरा-बायको भांडतात तेव्हासुद्धा एकमेकांच्या आकड्यावर जातात. मी चिठ्ठी कधी बदलून दिली नाही. कोणाचीही नाही. पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, नातवाचीही नाही. याचा मला फार अभिमान होता, आणि तो किती पोकळ होता ते पुढे कळेलच.

पुस्तिकेची भाषा जुनी. पहिलाच प्रश्न आहे, "तुला कोणी उत्पन्न केले?" वडगावच्या एका चिमुरडीने मला तिथेच अडवलं. म्हणाली, "बाई, उत्पन्न उसाचं असतंय, माणसाचं कसं?" मी तिला समजावलं की इथे उत्पन्न म्हणजे निर्माण. तिने विचार केला आणि म्हणाली, "मग देवाचं आवंदा लई उत्पन्न झालंय, आमच्या घरी तीन बाळं हायती." नाकावर माशी बसू न देणारी बाई म्हणून माझी ख्याती, तरी त्या दिवशी मला पदर तोंडाला लावावा लागला.

शिकलेली माणसं पाठांतराला नाक मुरडतात. आमच्याच मंडळीतले एक इंजिनिअर मला म्हणाले होते, ही पोपटपंची कशाला, मुलांना अर्थ कळू द्या. मी त्यांना म्हटलं, आधी तोंडात तर जाऊ दे, अर्थ आपल्या पायांनी चालत येईल. त्यांना हे काही पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही पुष्कळदा शंका येई. घोकंपट्टीचा कंटाळा मुलांपेक्षा मला जास्त येत असे. पण मग असा एखादा भेटतो.

स्टँडवर मला अडवणारा एकोणीस आता मालट्रक चालवतो. पुणे-नगर रस्त्यावर त्याची गाडी उलटली आणि तो केबिनमध्ये पाय अडकून पडला. लोकांनी पत्रा कापून बाहेर काढेपर्यंत बराच वेळ गेला. एकोणिसावा प्रश्न आहे, संकटसमयी तू काय करावे? उत्तराची सुरुवात, मी देवाचा धावा करावा. तो मला सांगत होता, "दुसरं कायबी आठवंना बाई. बायकोचं नाव आठवंना, गाडीचा नंबर आठवंना. एकोणीस तेवढं आठवलं. तेच म्हणत पडलो." माझ्या वर्गात असताना हाच मुलगा त्या उत्तरातला "धावा" हा शब्द दरवेळी गाळायचा आणि मी त्याला दहादा लिहायला लावायची. मी विचारलं, धावा म्हटलास का रे? तो म्हणाला, "धावाच म्हणलो जास्त." मी हसले, पण घरी येऊन निळी पुस्तिका उघडली आणि एकोणिसावं उत्तर पुन्हा वाचलं. आपण मुलांच्या तोंडात काय ठेवतो, आणि ते तिथे किती वर्षं कोणाची वाट पाहत बसतं, याची मला त्या दिवशी धास्तीच वाटली.

आता सुवार्ताची गोष्ट. ती सांगायची म्हणूनच हा लेख लिहायला घेतला.

सुवार्ता दौंडची. तिचे वडील दानिएल तिथल्या रेल्वे यार्डात पॉइंट्समन आहेत. डबे जोडायचे, सोडवायचे, झेंडी दाखवायची, असं काम. दानिएल माझा अगदी पहिल्या वर्षांतला विद्यार्थी. त्याला आठवा प्रश्न निघाला होता आणि तो उत्तर एका दमात म्हणून मोकळा व्हायचा, म्हणून मी त्याला "मेल" म्हणत असे. सुवार्ताची आई मार्था नर्स. तिला शिरूरच्या एका खासगी दवाखान्यात काम मिळालं. दानिएल म्हणाला, जायचं नाही. ती म्हणाली, जाणार. शब्दाला शब्द वाढला आणि त्याने सांगून टाकलं की गेलीस तर परत या दारात यायचं नाही. मार्था गेली. बारा वर्षांच्या सुवार्ताला दोघांनीही विचारलं, तू कोणाकडे? ती आईबरोबर गेली.

दानिएलने बायकोला एक वेळ माफ केलं असतं, मुलीला केलं नाही. त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलला नाही. पुढे एकदा ती आत्याकडे दौंडला आली असताना बाजारात तो समोरून येताना दिसला. तिने "पप्पा" म्हणून हाक मारली. त्याने तोंड फिरवलं आणि पलीकडच्या गल्लीत शिरला. हे मला तिनेच सांगितलं, एखाद्याने शाळेत काय झालं ते सांगावं तसं, अगदी कोरडेपणाने.

ती चौदा वर्षांची झाली, माझ्या शिरूरच्या वर्गात बसू लागली. हुशार मुलगी, चाळीस उत्तरं महिन्याभरात पाठ. मग चिठ्ठ्यांचा दिवस आला. तिने डब्यात हात घातला आणि चिठ्ठी काढली. एकतीस.

एकतिसावा प्रश्न असा आहे: पाचवी आज्ञा तुला काय शिकवते? आणि उत्तर: मी आपल्या आईबापांचा मान राखावा, त्यांच्यावर प्रीती करावी व त्यांच्या आज्ञेत राहावे.

वर्ग सुटल्यावर ती मागे थांबली. मला वाटलं, रडणार. रडली नाही. चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "बाई, ही बदलून द्या." मी म्हटलं, पाठ नाही का? तिने मान हलवली.

"पाठ हाय बाई. खरं न्हाई."

इतक्या वर्षांत मला हे कोणी म्हटलं नव्हतं. पाठ नाही, हे रोज ऐकलेलं. खरं नाही, हे नाही. मी तिथेच थांबायला हवं होतं. तिला जवळ घ्यायला हवं होतं, निदान विचार तरी करायला हवा होता. त्याऐवजी मी बाई झाले. म्हटलं, उत्तर तुझं नाही, पुस्तिकेचं आहे. तू फक्त म्हणायचं, खरं करायचं काम देवाचं. आणि चिठ्ठी परत तिच्या हातात दिली. उचलली जीभ, लावली टाळ्याला. ती जाताना दारात वळली आणि म्हणाली, "मग देवळात उभं राहून खोटं बोलायचं व्हय?" माझ्याकडे एक्केचाळिसावं उत्तर नव्हतं.

त्या वर्षी दोन्ही गावांच्या मुलांची परीक्षा दौंडला होती. एक वर्ष इथे, एक वर्ष तिथे, अशी पाळी असते. त्याआधीच्या शनिवारी मी दौंडला उतरले ती सरळ दानिएलच्या क्वार्टरवर गेले. तो नुकताच कामावरून आला होता. मला पाहून उठून उभा राहिला, "सलाम बाई, आठवा हजर हाय," म्हणाला, खुर्ची पुसून दिली, चहा ठेवला. मी त्याला सांगितलं की उद्या सुवार्ताची परीक्षा आहे, तिला एकतीस निघालंय. त्याने चहा गाळला, कप माझ्यासमोर ठेवला. एकतिसाव्यात काय आहे ते विचारायची त्याला गरज नव्हती. गाळणी धुऊन ठेवत म्हणाला, "उद्या ड्यूटी हाय बाई." मी चहा प्यायले आणि उठले. इतकी वर्षं प्रश्न विचारण्यात गेली, पण त्या माणसाला विचारावा असा एक प्रश्न मला सुचला नाही.

दौंडचं आमचं देऊळ रुळांजवळ आहे. मालगाडी जायला लागली की पाळकसाहेब उपदेश थांबवतात, गाडी गेली की पुढचं वाक्य. झावळ्यांच्या रविवारी देऊळ भरलेलं होतं. पुढे मुलं आकड्यांप्रमाणे उभी, बाजूला मी, आया मोबाइल उंच धरून उभ्या. मार्था बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत. मी पहिला प्रश्न विचारला आणि परीक्षा सुरू झाली. दहाव्या-बाराव्या प्रश्नाच्या सुमारास मागच्या दारात कोणीतरी येऊन उभं राहिलं. खाकी शर्ट, हातात गुंडाळलेली झेंडी. दानिएल. यार्डातून तसाच आला असावा. आत येऊन बसला नाही, चौकटीला टेकून उभा राहिला.

मी एकतिसाव्यापर्यंत आले. "प्रश्न एकतिसावा. पाचवी आज्ञा तुला काय शिकवते?"

सुवार्ता गप्प.

आमचा नियम आहे: प्रश्न तीनदा विचारायचा, उत्तर सुचवायचं नाही. तिसऱ्यांदाही उत्तर आलं नाही तर मुलाने खाली बसायचं, दृढीकरण पुढच्या वर्षी. हे तिला ठाऊक होतं, मार्थाला ठाऊक होतं, दारातल्या माणसालाही ठाऊक होतं. मी दुसऱ्यांदा विचारलं. तिने ओठ घट्ट मिटलेले. मला कळलं की ही मुलगी विसरलेली नाही. ही खाली बसायला तयार होऊन आली आहे. खोटं बोलण्यापेक्षा ती वर्ष घालवणार होती, आणि सगळ्या मंडळीसमोर मान खाली घालणार होती. आणि हे तिच्यावर मी आणलं होतं. तिसऱ्यांदा विचारायला माझं तोंड उघडेना.

तेवढ्यात ती वळली. परीक्षेत मुलं मंडळीकडे पाठ करून पाळकसाहेबांसमोर उभी राहतात, वळत नाहीत. ती वळली आणि थेट दाराकडे पाहून म्हणाली, माझ्याच आवाजात, माझ्याच चालीत:

"प्रश्न आठवा. देव तुला ओळखतो काय?"

आमच्या देवळात आजवर मुलाने मोठ्या माणसाला प्रश्न विचारला नव्हता. पाळकसाहेब अर्धवट उठले. मी हाताने त्यांना बसा म्हटलं. का, ते मला आजही सांगता येणार नाही. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. मालगाड्या तर दर दहा मिनिटांनी जातात, नेमकी तेव्हा एकही येईना. दानिएल सरळ उभा राहिला. मला वाटलं, हा आता निघून जाणार. त्याला निघून जाणं सोपं होतं, दार मागेच होतं.

"होय," तो म्हणाला. घसा खाकरला. "होय. तो मला नावाने ओळखतो. मी त्याच्यापासून दूर गेलो तरी तो माझे नाव विसरत नाही आणि माझ्याकडून..."

तिथे तो अडला. एका दमात म्हणणारा मेल तिथे थांबला. मला पुढचे शब्द माहीत होते, मंडळीतल्या बायकांना माहीत होते, पुढे उभ्या सगळ्या मुलांना पाठच होते. कोणीही सुचवलं नाही. सुवार्ताने नियमाप्रमाणे पुन्हा विचारलं, या वेळी हळू. "देव तुला ओळखतो काय?"

"आणि माझ्याकडून आपले तोंड फिरवीत नाही."

त्याने हे तिच्याकडे पाहत म्हटलं. ते उत्तर मी त्याला शिकवलं होतं तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि मी सव्विशीची. दोघांनाही तेव्हा त्यातलं काडीचं कळलेलं नव्हतं. मला भीती वाटली म्हटलं तरी चालेल. ते शब्द इतकी वर्षं त्याच्या तोंडात होते, बाजारात तो तोंड फिरवून गल्लीत शिरला तेव्हासुद्धा होते, आणि ते तिथे आहेत हे एका चौदा वर्षांच्या मुलीला ठाऊक होतं. मला नव्हतं.

सुवार्ता परत माझ्याकडे वळली. म्हणाली, "बाई, तिसऱ्यांदा विचारा."

मी विचारलं.

"मी आपल्या आईबापांचा मान राखावा," ती म्हणाली, आणि थांबली. मी वाट पाहिली. तिने मान हलवली. "एवढंच, बाई. एवढं खरं हाय."

देवळात चलबिचल झाली. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. पास की नापास, ते बाईंनी सांगायचं असतं. कानामात्रेसाठी मी पोरांना दहादा लिहायला लावलं होतं. एक शब्द गाळला म्हणून मुलांना खाली बसवलं होतं, त्यातली काही रडत घरी गेली होती, आणि त्यांची तोंडं त्या क्षणी मला एकेक आठवली. इथे तर दोन तृतीयांश उत्तर गायब. मी म्हटलं, "पास, साहेब." मागून कोणीतरी कुरकुरलं. कुरकुरू दे.

त्या दिवशी बाहेर काही सिनेमातल्यासारखं झालं नाही. दानिएल दारातून आत आला नाही. यार्डात त्याची गाडी खोळंबली होती, तो गेला. पण संध्याकाळी मायलेकी शिरूरच्या गाडीसाठी स्टँडवर बसल्या होत्या तिथे तो आला आणि गाडी लागेपर्यंत त्यांच्याजवळ उभा राहिला. मीही त्याच गाडीला होते. काय बोलले मला ऐकू आलं नाही. फारसं बोललेही नाहीत. गाडी हलली तेव्हा त्याने खिडकीवर हात ठेवला आणि चार पावलं बरोबर चालला. वाटेतल्या न्हावरे गावापर्यंत सुवार्ता खिडकीबाहेर पाहत होती, मी तिच्याकडे पाहत होते. मी तिची माफी मागितली. म्हटलं, मी चिठ्ठी बदलून द्यायला हवी होती. तिने विचार केला आणि म्हणाली, "न्हाई बाई. दुसरं कोणचं निघालं असतं, तर म्या सरळ म्हणून टाकलं असतं."

अजूनही मार्था शिरूरला राहते आणि दानिएल दौंडला. त्यांचं भांडण त्यांचं. पण सुट्टीच्या रविवारी तो न्हावऱ्यावरून जाणारी सकाळची गाडी धरतो आणि शिरूरच्या देवळात पुरुषांच्या बाजूला शेवटच्या बाकावर बसतो.

पुढच्या वर्षी झावळ्यांचा रविवार शिरूरला होता आणि मी शिकवणं थांबवणार म्हणून मला निरोप देण्याचाही तोच दिवस ठरला होता. परीक्षा नीट पार पडली. शेवटचं मूल उत्तर देऊन बसलं, पाळकसाहेब प्रार्थनेला उठले, तेवढ्यात बायकांच्या बाजूने सुवार्ता उठली आणि मुलांच्या जागी येऊन उभी राहिली. तिचं दृढीकरण होऊन वर्ष झालं होतं, तिला उभं राहण्याचं काही कारण नव्हतं.

"बाई," ती म्हणाली, "माझं एकतीस राहिलंय."

मी प्रश्न विचारला. ती म्हणाली, "मी आपल्या आईबापांचा मान राखावा." मग तिने एक श्वास घेतला. "त्यांच्यावर प्रीती करावी." आणि पुन्हा थांबली.

मी म्हटलं, "व त्यांच्या आज्ञेत राहावे?"

"ते न्हाई अजून," ती म्हणाली.

सगळी मंडळी हसली, मागच्या बाकावरचा दानिएल सगळ्यांत मोठ्याने. मी हसले नाही. तेहतीस वर्षं मी मुलांची उत्तरं ऐकत आले, शब्द न् शब्द बरोबर आहे ना ते तपासत. त्या दिवशी ते अपुरं उत्तर ऐकताना मला पहिल्यांदाच वाटलं की आपण एकटेच ऐकत नाही, देवही ऐकतो आहे.